उफिझीला अख्खी सकाळ द्या

युरोप सहलीचं माहितीपत्रक हाती आलं, की मी आधी फ्लॉरेन्सचा दिवस शोधते. बहुतेक पत्रकांत तो सारखाच असतो. सकाळी बसने शहर गाठायचं, टेकडीवरच्या चौकातून एक नजर टाकायची, खाली उतरून कॅथेड्रल आणि जुन्या राजवाड्यापुढचा चौक पायी फिरायचा, चामड्याच्या दुकानात थोडा वेळ, आणि दुपारी पिसाच्या झुकत्या मनोऱ्याकडे. त्या राजवाड्याला लागूनच उफिझीचं कलादालन आहे. पत्रकात त्याच्यापुढे कंसात लिहिलेलं असतं, ‘बाहेरून’. प्रबोधनकाळातल्या फ्लॉरेन्सच्या चित्रकलेचा एवढा मोलाचा संग्रह जगात दुसरीकडे नाही, आणि आपली माणसं लाखांनी पैसे खर्चून त्याच्या भिंतीपर्यंत जातात आणि परत फिरतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मी कोल्हापूरची, चित्रकलेची शिक्षिका. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला मुलं बसवता बसवता नोकरी पूर्ण झाली. ए.टी.डी. करताना कलेच्या इतिहासाच्या पुस्तकात बोत्तिचेल्लीचा ‘व्हीनसचा जन्म’ काळ्यापांढऱ्या छपाईत, काडेपेटीएवढा पाहिला होता. माझ्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांनी ही चित्रं तेवढ्यावरच शिकवली. पुढे मुलगा नोकरीसाठी जर्मनीत गेला आणि त्याच्यामुळे मला फ्लॉरेन्स पाहता आलं. म्हणून आता नात्यातलं, ओळखीतलं कुणी इटलीला निघालं की आधी माझ्याकडे फोन येतो.

यंदा भाचीचा आला. ती, नवरा, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई, दिवाळीच्या सुट्टीत निघालेत.

“मावशी, फ्लॉरेन्सला एकच दिवस आहे. उफिझी आणि पिसा दोन्ही बसेल ना?”

“बसवशील तर बसेल. पण उफिझी पळत होईल. पिसा सोड.”

“अगं, पिसा कसा सोडायचा? मुलांना मनोऱ्याला हात टेकवल्यासारखा फोटो काढायचाय.”

मुलांचं चूक नाही. पिसाचं ते आवार सुंदरच आहे. पण मनोरा झुकलाय हे छायाचित्रातही कळतं. चित्राचं तसं होत नाही. ‘व्हीनसचा जन्म’ जवळजवळ पावणेतीन मीटर रुंद आहे, हे मला इतकी वर्षं आकडा म्हणून माहीत होतं. समोर उभं राहिल्यावर ती व्हीनस आपल्या एवढीच उंच दिसते, तिच्या केसांत सोन्याच्या बारीक रेषा ओढलेल्या दिसतात, मान प्रमाणाबाहेर लांब आहे आणि डावा खांदा शरीरशास्त्राच्या कुठल्याच नियमात बसत नाही हेही दिसतं, आणि तरी त्यातली एकही रेषा बदलावीशी वाटत नाही. हे छापील चित्रावरून कुणी मला शिकवू शकलं नसतं. एका दिवसात दोनांपैकी एकच होणार असेल, तर जे तिथे गेल्याशिवाय दिसतच नाही ते निवडावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता व्यवहाराचं. उफिझी सोमवारी बंद असतं. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा जिथे आहे ते आकादेमियाही सोमवारी बंद. डेव्हिड उफिझीत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण फार जणांचा तसा समज असतो. तो 1873 पासून आकादेमियात आहे, चौकात दिसते ती प्रतिकृती. तेव्हा सहलीत फ्लॉरेन्सचा दिवस सोमवारी येत असेल तर तारीखच बदलून घ्या. तिकीट घरूनच, वेळ ठरवून, दालनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढावं. ते साधारण 25 युरोला पडतं, आगाऊ नोंदणीचे 4 युरो वेगळे. दुसऱ्या संकेतस्थळांवर तेच तिकीट बरंच महाग मिळतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, मग ती कुठल्याही देशाची असोत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत असतं, पण त्या दिवशीची गर्दी बघता पैसे भरून दुसरा वार घेतलेला बरा. दालन सव्वाआठला उघडतं, ती पहिली वेळ मिळाली तर सोनं. आणि मे महिन्यापेक्षा दिवाळीची सुट्टी कितीतरी बरी, ऊनही सौम्य आणि माणसंही कमी.

दाराशी झडती होते, मोठ्या सॅक आणि छत्र्या खाली ठेवाव्या लागतात. यावर कुरकुर करणारे भेटतात, त्यांना मी 1993 ची गोष्ट सांगते. त्या वर्षी 27 मेच्या मध्यरात्रीनंतर माफियांनी दालनाच्या मागच्या गल्लीत स्फोटकांनी भरलेली गाडी उडवली. पाच माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. काही चित्रं कायमची नष्ट झाली, कित्येकांना इजा झाली. तेव्हा झडतीला पाच मिनिटं जातात ती जाऊ द्यावीत.

दालन मुख्यतः इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे आणि जिना चांगलाच उंच आहे. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी संकोच न करता लिफ्ट मागावी. ताकद वर लागणार आहे, जिन्यात संपवू नये.

पण खरी तयारी तिकिटाची नव्हे. ‘आम्हाला त्यातलं काय कळणार, सगळी येशूची आणि मेरीची चित्रं’, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर आता तयार आहे. अजिंठ्याला गेल्यावर जातककथा माहीत नसतील तर तिथेही काही कळत नाही. आपल्या देवळात शंख-चक्र दिसलं की विष्णू, त्रिशूळ-डमरू दिसला की शंकर, हे लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून ओळखू येतं. तिथलंही तसंच आहे. हातात लिलीची फुलं घेऊन पंख असलेला कुणी एका तरुणीपुढे गुडघा टेकून बसलाय, म्हणजे देवदूत गॅब्रिएल मेरीला सांगतोय की तू देवाच्या पुत्राची आई होणार. तान्ह्या बाळापुढे तीन भरजरी पुरुष भेटी घेऊन वाकलेत, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी. नदीत उभ्या माणसाच्या डोक्यावर दुसरा पाणी ओततोय, तो येशूचा बाप्तिस्मा. एक बाई तलवारीने सेनापतीचा गळा चिरतेय, ती ज्युडिथ. या चार गोष्टी आणि व्हीनस समुद्रातून कशी जन्मली ती कथा, एवढं घरून निघण्याआधी आठवडाभर मुलांना रात्री झोपताना सांगावं. ती तिथे गेल्यावर आईबापांच्या आधी चित्रं ओळखतात. नग्न चित्रं मुलांना कशी दाखवायची, असंही काही पालक विचारतात. साधेपणाने दाखवावीत. आपण गडबडलो नाही तर मुलं गडबडत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

ज्यांना जमेल त्यांनी त्याआधी एक रविवार साताऱ्याजवळच्या औंधला जावं. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने रविवर्म्याच्या चित्रांबरोबर पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृतीही तिथे आणून ठेवल्या, का, तर आपल्या मुलुखातल्या माणसांना त्या बघायला मिळाव्यात. भिंतीवरच्या चित्रासमोर उभं राहून बघायचं कसं, किती अंतरावरून बघायचं, जवळ कधी जायचं, याची सवय तिथे विनासायास लागते.

उफिझीची गोष्टही एका राजघराण्याच्या अशाच औदार्याची आहे. 1560 मध्ये कोसिमो मेदिचीने सरकारी कचेऱ्या एका छताखाली आणण्यासाठी वासारीकडून ही इमारत बांधायला घेतली. त्याच्या मुलाने वरच्या मजल्यावर घराण्याचा संग्रह मांडायला सुरुवात केली. पुढे घराणं निर्वंश व्हायची वेळ आली तेव्हा शेवटची वारस आन्ना मारिया लुईसा हिने 1737 मध्ये येणाऱ्या राजवटीशी करार केला, की या संग्रहातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर न्यायची नाही, आणि ती लोकांसाठी, परदेशी पाहुण्यांसाठीही, इथेच राहील. 1769 मध्ये दालन जनतेला खुलं झालं. आपल्याकडच्या किती संस्थानांचे हत्यारखाने, पोथ्या, चित्रं वाटण्यांमध्ये आणि लिलावांत गेली याचा विचार केला, की मला या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात. आपण तिकीट काढून आत जाऊ शकतो ते तिच्यामुळे.

आत गेल्यावर सगळं बघायचं नाही. हे माझं सर्वांत ठाम मत आहे आणि सर्वांत जास्त वाद यावरच होतो. “एवढं पैसे भरून गेलोय तर सगळं बघू की!” सगळं बघायला गेलं की तासाभरानंतर डोळे काही घेत नाहीत, पाय दुखतात, आणि तितियान, काराव्हाज्जो यांच्यापर्यंत पोचेस्तोवर माणूस बाहेरचा रस्ता शोधायला लागतो. मी भाचीला मोजकी ठिकाणं दिलीत. तिथे थांब, बाकीच्यांना चालता चालता नमस्कार.

पहिलं ठिकाण अगदी सुरुवातीचं. एकाच खोलीत मेरी आणि बाळाची तीन प्रचंड चित्रं आहेत, चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांची. विषय एकच, मेरी सिंहासनावर, भोवती देवदूत, मागे सोनं. पण जोत्तोच्या मेरीकडे बघा. कापडाखाली तिचे गुडघे कळतात, ती आसनावर खरोखर टेकलीय, तिला वजन आहे. साधारण तीसेक वर्षांच्या अंतराने काढलेल्या या तीन चित्रांमध्ये प्रबोधनाची पहिली खूण अशी समोर दिसते. मुलांना फक्त एवढंच विचारावं, तिघींपैकी खरी बसलेली कोण?

दुसरं लिओनार्दोची खोली, आणि इथे मात्र बाकावर बसावं. तिथलं ‘देवदूताचा निरोप’ त्याच्या विशीतलं. देवदूताचे पंख पाहिले तर त्याने पक्ष्याचे पंख नीट न्याहाळलेत हे ओळखू येतं. मेरीचा उजवा हात मात्र लांब वाटतो. समोरून बघू नका. चित्राच्या उजव्या बाजूला जा, थोडं तिरकं उभं राहा, आणि हात जागेवर येतो. चित्र मुळात उजवीकडून दिसेल अशा जागेसाठी केलं असावं, असं अभ्यासक म्हणतात. कुणी काही म्हणो, दोन पावलं सरकल्यावर चित्र बदलतं हा अनुभव घ्यायला कुठल्या पदवीची गरज नाही.

त्याच खोलीत ‘ज्ञानी पुरुषांचं वंदन’ आहे. 1481 मध्ये फ्लॉरेन्सबाहेरच्या एका मठाने लिओनार्दोला हे काम दिलं आणि तो ते अर्ध्यावर टाकून मिलानला गेला. सुमारे अडीच मीटर उंचीची ती फळी तपकिरी रेषांच्या अवस्थेतच राहिली. बरेच पर्यटक, रंग नाहीत म्हणून, तिच्यावरून नुसती नजर फिरवून जातात. माझ्यासारख्या ड्रॉइंग शिकवणारीला मात्र पूर्ण दालनात याहून मोठी शाळा नाही. मागच्या पडक्या जिन्यांचा यथादर्शनाचा सांगाडा दिसतो, उधळलेल्या घोड्यांच्या मुद्रा शोधत शोधत काढलेल्या दिसतात, गर्दीतले चेहरे अंधारातून हळूहळू वर येताना दिसतात. अंधार आधी भरून त्यातून उजेड काढायची त्याची रीत पुढच्या चित्रांमध्ये रंगाखाली झाकली गेली, इथे ती उघडी राहिली. 2017 मध्ये सफाई आणि दुरुस्ती होऊन हे चित्र परत भिंतीवर आलं, त्यामुळे आता ते पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ वाचता येतं. आपल्याकडची कलाशाळेत शिकणारी मुलं इथे दिवसभर बसली तरी दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही. लिओनार्दो परत येत नाही म्हटल्यावर मठाने हेच चित्र फिलिप्पिनो लिप्पीकडून करून घेतलं, तेही उफिझीतच आहे. आधी हे आणि मग ते, असं बघितलं तर मजा येते.

तिसरं राफाएलची ‘गोल्डफिंच पक्ष्याची मडोना’. दोन लहानगी पोरं, एकाच्या हातात इवलासा पक्षी, मागे निळसर टेकड्या. एका मित्राच्या लग्नासाठी राफाएलने ते काढलं. 1547 मध्ये त्या मित्राच्या कुटुंबाचं घर कोसळलं आणि चित्राचे तुकडे झाले, सतरा तुकडे. ते जुळवले, खिळे ठोकले, सांधे रंगवले. पुढच्या साडेचारशे वर्षांत त्यावर वॉर्निश आणि दुरुस्त्यांचे थर चढत गेले. शेवटी दहाएक वर्षं काम करून 2008 मध्ये ते दुरुस्त होऊन आलं. आज जवळून बघितलं तरी सांधा सहज सापडत नाही. आपल्या जुन्या वाड्यांमधली, देवळांमधली भित्तिचित्रं ऑइलपेंटने ‘नवीन’ केली जातात तेव्हा मला हे चित्र आठवतं. दुरुस्तीला दहा वर्षं देणारं शहर बघून यावं, निदान आपल्या गावच्या विश्वस्तांना सांगण्यासाठी.

पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे उर्बिनोचे राजाराणी बघताना मागच्या बाजूनेही बघा, पाठीवरही चित्रं आहेत. मायकेलअँजेलोचं गोल चित्र त्याच्या मूळ चौकटीत आहे. काराव्हाज्जोची मेड्युसा ढालीवर काढलीय. खालच्या मजल्यावर आर्तेमिसिया जेंतिलेस्कीची ज्युडिथ आहे, तिथे घरातल्या मुलींना घेऊन थांबा. 1616 मध्ये फ्लॉरेन्सच्या कलाकारांच्या अकादमीत प्रवेश मिळालेली ही पहिली स्त्री, हे त्यांना सांगा. मग चित्र बघू द्या. त्या चित्रातल्या बाईच्या दंडातली ताकद त्यांची त्यांना कळते.

बोत्तिचेल्लीपुढे गर्दी असणारच. तिथे एक तक्रार आहे आणि ती आपल्या सगळ्यांविषयी आहे. माणसं चित्राकडे पाठ करून उभी असतात, फोन वर. जून 2025 मध्ये उफिझीतच एक पर्यटक एका मेदिची राजपुत्राच्या चित्रापुढे त्याच्यासारखी पोझ घेताना मागे जाऊन कॅनव्हासवर आदळला आणि चित्र फाटलं. फ्लॅश न वापरता फोटो काढायला परवानगी आहे, आणि मी काढू नका म्हणणार नाही. आधी पाच मिनिटं डोळ्यांनी बघा, मग काढा. घरात पाच माणसं असतील तर एकानेच काढावा.

कोल्हापूरकरांसाठी फ्लॉरेन्समध्ये आणखी एक जागा आहे आणि ती चुकवू नये. आमचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंड पाहून परत येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच गेले. वय अवघं वीस. हिंदू रीतीने दहन हवं, तेही दोन नद्यांच्या संगमावर. त्या शहराला हे सगळं नवं होतं, तरी परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने यांच्या संगमाशी अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. आज ते ठिकाण कास्किने उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे, शेजारच्या पुलालाही त्या ‘भारतीया’वरूनच नाव पडलंय. महाराजांनी युरोपात रोजनिशी ठेवली होती, ती त्यांच्यामागे 1872 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. परमुलुख बघायला निघालेल्या त्या मुलाच्या पुतळ्याला फूल वाहायला कोल्हापूरच्या माणसाने तासभर काढलाच पाहिजे. उद्यानात बरंच चालावं लागतं, तेव्हा दुपारनंतर टॅक्सीनेच जावं.

सहल कंपन्यांशी मी भांडत नाही. गिऱ्हाईक मागतं तेच त्या देतात, आणि आपण ‘किती ठिकाणं दाखवणार’ हे मोजून पैसे भरतो. म्हणून नोंदणी करतानाच विचारा. उफिझी आतून आहे का? किती वेळ? तिकीट आधी काढलेलं असेल का? उत्तरं लेखी घ्या. दहा जणांनी हाच आग्रह धरला तर पुढच्या वर्षीच्या पत्रकात ‘बाहेरून’ उरणार नाही, याची मला खात्री आहे. तोवर दुसरा मार्ग आहेच. रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान रेल्वे साधारण दीड तासात पोचवते, आणि स्टेशनपासून उफिझी पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. एक दिवस गटाला राम राम करून स्वतः जाता येतं.

भाचीच्या कंपनीने कार्यक्रम बदलायला नकार दिला. तिने घरी बोलून त्या दिवसापुरतं वेगळं व्हायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळीच फ्लॉरेन्सला मुक्काम, सकाळी सव्वाआठचं तिकीट, दुपारी कास्किने. थोरल्या मुलाला मनोरा हुकल्याचं वाईट वाटतंय, त्याला लिओनार्दोच्या घोड्यांची चित्रं पाठवलीत, ती तो वहीत उतरवतोय. सासूबाईंनी फोन घेऊन फक्त एकच विचारलं, बसायला जागा आहे का. आहे. वरच्या लांब ओवऱ्यांमध्ये बाकं आहेत, आणि दक्षिणेच्या टोकाच्या खिडकीतून आर्नो नदी आणि जुना पूल दिसतो. तिथे बसून त्यांनी निवांत पायांना विसावा द्यावा, नातवंडं लिओनार्दोपाशी थांबलेली असतील.